नोएलीनच्या टाकीतला बाप

ऑस्ट्रेलियातल्या व्हायला नावाच्या गावात क्लेम पॅस्कोच्या घरी माणूस एक आणि माशांच्या टाक्या तेवीस. आता कोणी म्हणेल, एकट्या जिवाला तेवीस टाक्या कशाला? तर अहो, दोनच टाक्या असत्या तर हा माणूस शनिवारी दुपारी रिकामा सापडला असता, आणि रिकाम्या माणसाला लोक धरून विचारतात, लग्न का नाही केलंस बाबा? टाक्या धूत बसलेल्याला कोणी काही विचारत नाही.

क्लेमने अडतीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात फिटरचं काम केलं. आई होती तोवर आईचं केलं. आई गेली तेव्हा हा बावन्न वर्षांचा घोडा, आणि सबंध आयुष्यात परक्या बाईशी बोललेली वाक्यं दोन. एक म्हणजे "पाऊस काही येत नाही", आणि दुसरं "लॅमिंग्टन मस्त झालेत". दुसरं वाक्य महिन्यातून एकदाच, मत्स्यमंडळाच्या सभेनंतर चहाच्या वेळी. मंडळाच्या बायका घरून काही ना काही करून आणायच्या, आणि हा दुकानातल्या बिस्किटांचा पुडा ठेवून खोबऱ्यात घोळवलेले ते चार लॅमिंग्टन केक हाणायचा. माशांचं म्हणाल तर ज्ञान अफाट. नव्या माणसाला तो पहिला धडा हा द्यायचा, की पिल्लं झाली की हात खिशात. पाण्यात हात घालायचा नाही, जाळी घालायची नाही, माशाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. हे तो वीस वर्षं सांगत होता, हे ध्यानात ठेवा.

मार्चच्या सभेला नोएलीन हॉब्स आली. इस्पितळाच्या धुलाईघरातून नुकतीच निवृत्त झालेली, अंगाने आडवी, आवाजाने उभी. ती हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "टाकी हवी का कोणाला? स्टँडसकट. फुकट."

अध्यक्ष द्रागो. मूळचा युरोपातल्या एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्याचा, इथे क्रेन चालवून म्हातारा झालेला. तो म्हणाला, "का, गळते का?"

"टाकी नाही गळत. आतल्या बायांना लाज नाही. पर्थला जाताना लेक गप्पी मासे ठेवून गेली. काल एकीने माझ्यासमोर पिल्लं दिली आणि माझ्यासमोरच गिळली. असली आई मला घरात नको."

नोएलीनचा राग गावाला ठाऊक होता. नवरा कीथ सहा महिन्यांच्या कामासाठी डार्विनला गेला, त्याला आता बावीस वर्षं झाली. ते सहा महिने अजून संपायचेत. चार पोरं हिने एकटीने, लोकांच्या चादरी धुऊन वाढवली.

क्लेम उठून उभा राहिला. आपण उभे राहिलो हे त्यालाही जरा उशिरा कळलं, कारण चहा पँटवर सांडला होता. "सगळे मासे तसे नसतात," तो म्हणाला. "काही छोट्या जाती आहेत. त्या पिल्लं सांभाळतात."

"कोण सांभाळतं? आईच ना?"

"आई. आणि, म्हणजे, बापसुद्धा."

हॉलमध्ये बायका हसल्या. नोएलीन हसली नाही. "बाप? दाखवा मला. पटला तर टाकी राहील. नाही पटला तर तुम्हीच येऊन न्यायची, आणि पुन्हा माझ्या दारात माशाचं नाव काढायचं नाही."

झालं. क्लेमचा जीव त्या टाकीत अडकला. टाकी राहिली तर तिचं पाणी बदलायला, काच पुसायला, पंप बघायला दर आठवड्याला त्या घरी जायला मिळणार. टाकी गेली की कारण गेलं, आणि कारणाशिवाय बाईच्या दाराशी जाण्याइतकी छाती क्लेमला देवाने दिली नव्हती. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय त्याला जन्माची.

मग चार रविवार नोएलीन त्याच्या शेडमध्ये मासे बघायला आली. पहिल्या रविवारी त्याने अॅमेझॉन नदीकडची एक बुटकी जात दाखवली. बोटाच्या पेराएवढी आई, पिल्लं झाली की अंगभर पिवळीधम्मक होते आणि वाटेत येईल त्याला झोडते.

"आणि तो मोठा, निळा? तो काय करतो?"

"तो बाप. त्याच्या इथे तीन बायका आहेत. तिघींच्या घरांवरून चकरा मारतो."

"चकरा मारायला काय जातंय," नोएलीन म्हणाली. "पुढचा."

पुढचा फायटर. याचं बिऱ्हाड फेसाचं. बापच बुडबुडे जोडून घरटं करतो, अंडी खाली पडली तर तोंडाने झेलून वर लावतो, दिवसरात्र पहारा देतो. क्लेम हे सांगताना इतका रंगात आला, की बाप म्हणजे आपणच असा त्याचा सूर लागला.

"आणि ती?"

"तिला... तिला आपण बाहेर काढायचं. नाहीतर तो मारतो."

"म्हणजे मूल माझं, तू चालती हो. छान आहे. पुढचा."

दुसऱ्या रविवारी तोंडात पिल्लं वाढवणारी निघाली. गाल फुगलेले, पोट खपाटीला गेलेलं. क्लेमने सांगितलं की ही तीन आठवडे अन्नाचा कण घेत नाही. नोएलीन त्या टाकीपुढे बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "हे मी अकरा वर्षं केलंय. बघायचं असेल तर घरात आरसा आहे."

तिसऱ्या रविवारी शंखात संसार करणारे इवलेसे आफ्रिकन मासे. आईबाप दोघं राखण करतात, पण स्वभाव उकरायचा. सकाळ-संध्याकाळ वाळू उपसून ढीग घालतात. "या धुळीच्या गावात सकाळ-संध्याकाळ मी वेगळं काय काढते घरातून?" नोएलीन म्हणाली. "पाहुणे म्हणून आणखी वाळू नको." क्लेमचा चेहरा पडला. आता शेडमध्ये एकच जोडी उरली होती.

चौथ्या रविवारी तिने घरी भाजलेल्या स्कोन-पावांचा डबा आणला होता, एवढी एक गोष्ट बरी. क्लेमने तिला कोपऱ्यातल्या टाकीपाशी नेलं. पश्चिम आफ्रिकेतले क्रिब. नर चार बोटं लांब, मादी त्याहून आखूड, पोट जांभळ्या द्राक्षासारखं. मादी अंग वळवून, पोट दाखवून नरासमोर थरथर करत होती, आणि नर बापडा पंपाकडे बघत होता.

नोएलीन पहिल्यांदा हसली. "यात बाईच पुढाकार घेते वाटतं?"

"हो," क्लेम म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

"बरं आहे. नाहीतर तो बसला असता जन्मभर तेवीस टाक्या धूत. मुलं झाल्यावर?"

"ती पिल्लांपाशी, तो हद्दीवर. पण दोघं."

"भांडतात?"

"भांडतात. पण जात नाहीत."

"हे चालेल," नोएलीन म्हणाली आणि डबा उघडला.

जोडी तिच्या घरी गेली. गप्पी क्लेमने स्वतःकडे घेतले. या माशांना आपलं नळाचं जड पाणी मानवायचं नाही, म्हणून तो दर आठवड्याला आपल्या अंगणातल्या टाकीतलं पावसाचं पाणी कॅनमध्ये भरून तिच्याकडे न्यायचा. द्रागोने एकदा वाटेत गाठलं. "काय रे, पाऊस फक्त तुझ्याच छपरावर पडतो का? तिच्या मागच्या दाराशी तुझ्याहून मोठी टाकी आहे." क्लेम म्हणाला, "माझं पाणी मुरलेलं आहे." द्रागो म्हणाला, "तूही."

सहाव्या आठवड्यात एका मंगळवारी सकाळी नोएलीनचा फोन आला. "आली बाहेर. चाळीस तरी असतील. लवकर या."

क्लेम पिल्लांचं खाणं घेऊन धावत गेला. टाकीतल्या नारळाच्या करवंटीखालून पिल्लांचा ढग निघाला होता, आई त्यांच्यावर छत्री धरल्यासारखी तरंगत होती. नोएलीनच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की क्लेमला तिच्याकडे सरळ बघवेना. मग तिने बोट केलं. "आणि तो बघा."

बाप टाकीच्या पार दुसऱ्या टोकाला, पंपाच्या नळीपाशी, काचेकडे तोंड करून उभा. पिल्लांकडे पाठ.

"मुलांना अजून एक दिवस झाला नाही," नोएलीन म्हणाली, "आणि हा दाराशी. बॅग भरतोय मेला." एवढं बोलून ती स्कोन बघायला स्वयंपाकघरात गेली. बोलली ती हसत, पण हसू काही खरं नव्हतं.

आता इथे क्लेमने काय करायचं? हात खिशात. वीस वर्षं दुसऱ्याला सांगितलेलं स्वतः करायचं. पण छे. त्या बापाच्या अब्रूत याला आपली अब्रू दिसायला लागली. त्याने जाळी घेतली, बापाला पकडलं, आणि नेऊन थेट करवंटीच्या दाराशी, पोरांच्या घोळक्यात सोडलं. जा, बस संसारात.

जाळीतून आलेला, घाबरून रंग उडालेला नवरा त्या आईला ओळखू येईना. तिला वाटलं, चोर शिरला. तिने त्याचा पंख फाडला, तो पोरांतून सैरावैरा पळाला, ढग फुटला, पिल्लं चहूकडे उधळली. आणि घर सुरक्षित नाही असं एकदा वाटलं की हे मासे जे करतात ते तिने केलं. एकेक पिल्लू टिपून गिळलं. त्यानेही गिळली. क्लेम जाळी हातात धरून बघत राहिला. मग ओव्हनचं दार वाजलं, तसा तो "खाणं कमी पडतंय, आलोच" असं पुटपुटून मागच्या दाराने पळाला.

पळाला तो थेट द्रागोकडे. द्रागोने शांतपणे ऐकून घेतलं. "त्यात काय? सांग, पहिलटकरीण आहे. पहिली वीण खातातच. मंडळातला कोणीही हेच सांगेल."

"मग ती मासे घरात ठेवेल का?"

"नाही ठेवणार. पण तुला मूर्ख तरी नाही म्हणणार."

क्लेम ते वाक्य घोकत परत आला. पहिलटकरीण आहे, खातातच. नोएलीन टाकीपुढे पाठमोरी उभी होती. स्कोन तसेच ताटात.

"खाल्ली ना?" ती म्हणाली. "हीसुद्धा तसलीच निघाली. आणि तो तिकडे, हात झटकून."

बाप फाटका पंख घेऊन पुन्हा त्याच टोकाला, नळीपाशी उभा होता. राखायला आता मागे काही नव्हतं, तरी उभा होता. क्लेमने त्याच्याकडे पाहिलं, आणि घोकलेलं वाक्य घशाशी येऊन परत गेलं. दुसऱ्या कोणावर ढकललं असतं, पण त्या बिचाऱ्यावर ढकलवेना.

"खाल्ली, पण मी खायला लावली," तो म्हणाला. "तो पळत नव्हता. नळीतून पाणी येतं, शत्रू तिकडूनच येणार असं त्याला वाटतं. तो हद्दीवर उभा होता. मी त्याला जाळीने धरून घरात आणून टाकला. तिला वाटलं परका आला, ती बिथरली. त्यांचा दोष नाही. चूक माझी. टाकी नेतो."

नोएलीन खुर्चीवर बसली.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"टाकी नेतो."

"त्याच्या आधीचं."

"चूक माझी."

"तीस वर्षं झाली मला या घरात," नोएलीन म्हणाली. "हे वाक्य इथे अजून कोणी बोललं नव्हतं. कुत्र्यासकट." मग तिने ताट पुढे सरकवलं. "टाकी हलणार नाही. पण तुमच्या हातांचा मला काडीचा भरवसा नाही."

महिन्याभरात त्या जोडीने पुन्हा अंडी घातली. पिल्लं बाहेर यायची वेळ झाली तशी नोएलीनने क्लेमला बोलावलं, टाकीसमोर खुर्चीत बसवलं, "हात पुढे" म्हणाली, आणि दोन्ही मनगटांत निळ्या लोकरीची लड अडकवली. स्वतः समोर बसून गुंडा करू लागली. एक लड संपली की दुसरी. एवढ्या लोकरीचं ती काय विणणार होती ते तिलाच माहीत.

तिसऱ्या लडीला पिल्लांचा ढग बाहेर आला. आई वर, पिल्लं खाली. आणि बाप सरळ दुसऱ्या टोकाला, पाठ करून, नळीपाशी. क्लेमची बोटं आपोआप वळवळली. लोकर हलली.

नोएलीनने धागा ओढून ताठ केला. "राहू दे त्याला तिथे," ती म्हणाली. "तो कामावर आहे."

क्लेमच्या डोळ्यांत पाणी आलं, चांगलं घळघळा आलं, आणि हात तर गुंतलेले, पुसणार कसे? मग नोएलीनने गुंडा मांडीत ठेवला आणि एप्रनच्या टोकाने तिनेच त्याचे डोळे पुसले.