आपलंच काम
हिवाळ्यात पहिल्यांदा हीटर लावला की जळक्या धुळीचा वास येतो आणि मला माझ्या गाइडबाईंची खोली आठवते. अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. माझ्या पीएचडीसाठी फरीदाबादच्या आत्याने ओव्या गाऊन रेकॉर्ड करू दिल्या होत्या, तिच्या गेलेल्या लेकीचे सासरी झालेले हाल सांगणाऱ्या. तिची अट एकच होती, परीक्षकांशिवाय त्या कुणी ऐकायच्या नाहीत. बाईंना हे सांगितलं तेव्हा माझा हात धरून त्या म्हणाल्या, "काळजी करू नकोस गं, आपलंच काम आहे." दिल्लीच्या त्या थंडीत 'आपलं' ऐकून किती बरं वाटलं होतं. डिग्री मिळाली आणि काही महिन्यांनी आत्याचा फोन आला. "जावयांनी मोबाइलवर सगळं ऐकलं. आता नातीला माझ्याकडे पाठवणार नाहीत." युनिव्हर्सिटीच्या डिजिटल संग्रहात ते रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी खुलं होतं, आणि परवानगी बाईंनी दिली होती. मी तडक त्यांच्या खोलीत गेले. हीटरपुढे हात शेकत, वर न बघता त्या म्हणाल्या, "अगं, तुला काय विचारायचं त्यात? आपलंच तर काम आहे." अजूनही कुणी मला 'आपलं' म्हणालं, की मी आधी विचारते, म्हणजे नक्की कुणाचं?