जहाजावरच्या खान्याची वही

मला बर्फाचं वेड आहे. रत्नागिरीत राहून बर्फाचं वेड म्हणजे काय, ते तुम्हीच समजा. आमच्याकडे बर्फ दिसतो तो मासळी बाजारात, नाहीतर उसाच्या रसात. तरी भर मे महिन्यात, अंगाला नुसत्या धारा लागलेल्या असताना, मी पंख्याखाली बसून ध्रुवांवर गेलेल्या माणसांच्या आठवणी वाचते. वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी नोकरी, म्हणजे आयतं कुरणच मिळालं. जहाज बर्फात अडकलं आणि त्याच्या फळ्या करकरायला लागल्या की माझ्या हातातला चहा गार होतो. जेवताना मला राहवत नाही. "अहो, त्यांनी शेवटी चामड्याचे पट्टे उकळून खाल्ले!" असं मी सांगते आणि नवरा ताटातलं वांगं बाजूला सारत म्हणतो, "झालं! हिचं जहाज पुन्हा अडकलं."

त्यातही कुणी स्वतः लिहिलेली डायरी असली तर मग विचारूच नका. चरित्र लिहिणारे मागाहून येतात आणि सगळ्याला इस्त्री करून ठेवतात. डायरीत माणूस चिडतो, रडतो, तंबूतल्या सोबत्याच्या घोरण्यावर अर्धं पान खर्च करतो. तिथे असलेल्या माणसाने तिथेच लिहिलेलं, त्याची सर कशाला नाही. असं मी वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत असते, त्याने विचारलेलं नसलं तरी.

तर एकदा सकाळी मासळी बाजारात कोळीण सुरमई कापत होती आणि मी नेहमीप्रमाणे तिच्या बर्फाच्या पेटीत हात घालून उभी होते. "बाय, हात काढ, निळा पडेल," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, हे काय थंड? अंटार्क्टिकावर उघड्या हाताने लोखंडाला हात लावला तर कातडी सोलून येते." शेजारी एक वयस्कर मुसलमान बाई कोळंबी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "खरं आहे. आमच्या ह्यांच्या बोटाची आली होती."

मी पेटीतून हात काढला. "कुठे आली होती?"

"तिथेच. तू म्हणतेस त्या बर्फावर. जहाजावर कुक होते ते. शास्त्रज्ञ लोकांना घेऊन गेलेलं जहाज. बर्फावर चालून आलेत आमचे हे."

अहो, मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं! इतकी वर्षं मी सातासमुद्रापलीकडची माणसं वाचत होते आणि त्यांच्यातला एक माझ्याच जिल्ह्यात, जयगडच्या वाटेवर खाडीकाठी, रोज बांगड्याचं कालवण जेवत होता. मी त्या बाईंचा हातच धरला. कोळीण म्हणाली, "आधी सुरमईचं बघ." सुरमई मी तिच्याकडेच विसरून आले.

त्याच रविवारी स्कूटर काढून मी त्यांच्या घरी गेले. दगडी गडग्याच्या आत आंब्याची चार कलमं, पुढे पडवी, पडवीत आरामखुर्चीत त्या बाईंचे यजमान, चाचा. उंच, पांढरी दाढी, डोळे काचबिंदूने गेलेले. पण आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. वाटेत चहाच्या टपरीवर घर विचारलं तेव्हाच टपरीवाला म्हणाला होता, "बर्फवाले चाचा ना? तो काय गडगा." सगळा गाव त्यांना त्याच नावाने ओळखत होता. मशिदीतून बाहेर पडताना, बंदरावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कुणी पाहुणा आला की ओळख तीच, हे आमचे बर्फावर चालून आलेले.

मी विचारलं, "चाचा, काही लिहून ठेवलंय का हो?"

"लिहायला मी काय मुन्शी?" ते हसले. "खान्याची वही आहे. रोज काय रांधलं आणि किती जण जेवले. कुकला ठेवावीच लागते, नाहीतर सामान पुरणार कसं?"

चाचींनी पेटीतून वही काढली. वही उर्दूत. चाचा उर्दू शाळेत शिकलेले. आता त्यांना दिसत नाही आणि मला वाचता येत नाही. मग ठरलं असं, की चाचींनी वाचायचं, वाचता वाचता मराठीत सांगायचं आणि मी उतरवून घ्यायचं.

खरं सांगते, पहिली दहा मिनिटं माझा चेहरा पडला होता. डाळ, भात, डब्यातले मासे, खाणारे त्रेपन्न. बटाटा, पाव, अंडी, खाणारे त्रेपन्न. कुठे वादळ नाही, कुठे हिमकडा नाही. मग चाचींनी वाचलं, "आज दर्या तापला. पातेली दोरीने बांधली. फक्त चहा आणि पाव. खाणारे नऊ."

"नऊ?" मी ओरडलेच. "बाकीचे?"

"आडवे!" चाचा खदखदून हसले. "ओकून ओकून आडवे. मोठमोठे साहेब! एकाने मला विचारलं, आपण मरणार काय? मी म्हटलं, साहेब, मेलात तरी संध्याकाळच्या जेवणात तुम्हाला धरलेलं आहे."

मग काय! तो आकडा मला एकदम बोलायला लागला. पहिला हिमनग दिसला त्या दिवशी रव्याचा हलवा, खाणारे त्रेपन्न, दोघांनी दोनदा मागितला. जहाज बर्फात अडकलं ते पाच दिवस पावाचे तुकडे लहान होत गेले. पाचव्या दिवशी चाचांनी घरून नेलेले सुक्या कोळंबीचे सोडे काढले आणि परदेशी कप्तानाला सोड्यांचा भात घातला. इतके ध्रुववीर वाचले मी, पण त्या सगळ्या पुस्तकांत कुकला एखादी ओळ, फार तर दोन. इथे सबंध मोहीम भटारखान्यातून दिसत होती. घरी परतताना मी स्कूटरवर एकटीच मोठमोठ्याने बोलत होते.

आणि मग मी माती खाल्ली. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर खडूने ठळक लिहिलं, 'अंटार्क्टिकावर पाऊल ठेवलेले आपले रत्नागिरीकर. त्यांच्याच वहीतून, त्यांच्यासमोर. पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता.' चाचांना विचारलं नव्हतं. वहीही अर्धीच झाली होती. माझं हे असंच, दूध तापायच्या आधी साय काढायला निघते. कुणीतरी फळ्याचा फोटो काढला, तो फोनवर फिरला आणि बुधवारपर्यंत त्यांच्या गावातून लोकांनी यायला एक टेम्पो ठरवलाही.

गुरुवारी मी उरलेली वही लिहून घ्यायला गेले. फळ्याचं सांगितलं तेव्हा चाचा दाढी कुरवाळत राहिले. मला वाटलं, संकोचले असतील. चाचींनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. जहाज बर्फाच्या काठाला लागलं होतं. माझा हात आता भराभर चालत होता. येणार, आता ते पान येणार!

"आज सगळे बर्फावर उतरले," चाचींनी वाचलं. "मी पण उतरलो. तासभर चाललो. परत येऊन पुलाव केला."

"असं लिहिलेलं नाही," चाचा म्हणाले.

"लिहिलंय तर."

"वही माझी आहे ना? आकडा वाच."

चाचींनी चष्मा काढून पुसायला घेतला. बाहेर कुणाची तरी बोट खाडीत शिरत होती, तिचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं. "वाच," ते पुन्हा म्हणाले.

"जहाजावर खाणारे बारा," चाचींनी हळूच वाचलं.

"बारावा मी," चाचा म्हणाले.

मग त्यांनीच सांगितलं. जोडीदार कुक हात भाजून पडला होता. एक्केचाळीस माणसं बर्फावरून गारठून परत येणार, त्यांच्यासाठी गरम जेवण तयार हवं. भटारखाना सोडून जाणार कोण? त्यांची पाळी दुसऱ्या दिवशी होती. दुसऱ्या दिवशी वारा उठला आणि कप्तानाने जहाज मागे घेतलं. "भिंगाएवढ्या खिडकीतून बघितलं मी ते सगळं, कांदा चिरत," ते म्हणाले. "बोटाची कातडी गेली ती डेकवर, साखळीला हात लावला म्हणून. इथे आलो तर बंदरावर ही गर्दी. कुणीतरी विचारलं, चाललास काय रे बर्फावर? तोंडातून हो निघून गेलं. एकदा हो म्हटल्यावर मग परत कसा घेणार?"

मग त्यांनी बायकोच्या बाजूला तोंड वळवलं. "न अडखळता खोटं वाचलंस तू. म्हणजे आधी वाचलेली होतीस. कधी?"

"तुम्ही आलात त्याच आठवड्यात," चाची म्हणाल्या. "दुपारी तुम्ही झोपला होतात."

"आणि चाळीस वर्षं बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? किती खुशीत होतात तुम्ही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दोघांच्या घरात मी खडू घेऊन घुसले होते. आणि एरवी डायरीतल्या खरेपणाचे गोडवे गाणारी मी, काय म्हणाले माहीत आहे? "चाचा, ते पान मी गाळते. कोणाला कळणार आहे?"

"गावात मला दुसरं नावच नाही, बाय," ते म्हणाले. "हे गेलं की मी कोण? एक आंधळा म्हातारा. पण कार्यक्रम त्या वहीचा आहे ना? वही अर्धी वाचता येत नाही. ते पान तू वाचू नको. मी सांगेन."

रविवारी हॉल खचाखच भरला. टेम्पो दोन आले. खुर्च्या संपल्या, माणसं खिडक्यांत बसली. पहिल्या रांगेत जमातीतले बुजुर्ग होते, त्यांच्या शेजारी चाची, ठेवणीतली ओढणी घेऊन. मी वाचायला सुरुवात केली. नऊ खाणाऱ्यांच्या दिवशी हॉल असा हसला की पंखा ऐकू येईना. सोड्यांच्या भाताला चक्क टाळ्या पडल्या. लोक पुढे सरकून बसले होते आणि मला एकीकडे आनंदाने उडी मारावीशी वाटत होती, दुसरीकडे ते पान यायला किती पानं उरली ते मी मोजत होते. ते पान आलं. मी थांबले आणि माईक शेजारी खुर्चीत बसलेल्या चाचांच्या हातात दिला.

त्यांनी तो चाचपला. कुठे बोलायचं ते कळेना म्हणून खालीच धरला. ओठ हलले. "मी बर्फावर उतरलो नाही," ते म्हणाले, पण इतकं हळू की मी शेजारी उभी होते म्हणून मला कळलं. मागच्या रांगा नुसत्या बघत होत्या. पुढच्या रांगेतले बुजुर्ग एकमेकांकडे वळले. मला वाटलं, झालं तेवढं पुरे, आपण आता पुढचं पान वाचून मोकळं व्हावं. कुणी ऐकलं, कुणी नाही, सुटलो. मी कागद उचललाही.

तेवढ्यात चाची उठून उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं ज्यांनी ती एक ओळ पोटात ठेवली त्या. आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जोरात बोला हो! मागच्यांना ऐकू गेलं नाही."

चाचांची मान ताठ झाली. त्यांनी माईक बाजूला केला आणि खाडीपलीकडे जाणारा तो आवाज लावला. "मी बर्फावर उतरलो नाही! मी भटारखान्यात होतो, बारा माणसांत बारावा!"