अल-खोबरमधला तांब्याचा घोडा

सौदी अरेबियातल्या अल-खोबरची ती चोरी अजून माझ्या मनातून गेलेली नाही. खरे तर ती माझ्या नोकरीतली केसही नव्हे. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मी मुलीकडे राहायला गेलो होतो. अंगावर वर्दी नव्हती आणि परक्या मुलखात अधिकारही नव्हता. संबंधितांची नावे इथे घेत नाही.

मुलीच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये पुण्याचे एक अभियंता एकटेच राहत. त्यांना वातकुक्कुट जमवण्याचा नाद होता. अमेरिकेतल्या जुन्या शेतघरांच्या छपरांवर वाऱ्याची दिशा दाखवायला तांब्याच्या पत्र्याचे कोंबडे, मासे, घोडे बसवत, ते हे. त्यातले बहुतेक त्यांनी मायदेशी परतणाऱ्या अमेरिकन सहकाऱ्यांकडून घेतले होते. एकेकाचा हिरवा गंज ते असा दाखवत, की जणू नातवाचे दात दाखवताहेत.

एका शुक्रवारी सकाळी ते घाबरेघुबरे दारात आले. "साहेब, माझा घोडा गेला!"

ते कामासाठी राबिघला गेले होते आणि आदल्या रात्री परतले होते. मी जागा पाहिली. कुलूप शाबूत, खिडक्या बंद, बाकी एकाही वस्तूला हात नाही. म्हणजे आत शिरणाऱ्याकडे किल्ली होती आणि त्याला घोडाच हवा होता. मधल्या काळात वॉचमनकडून किल्ली घेऊन एसीचा फिटर येऊन गेला होता. अभियंत्यांनी त्याच्या सुपरवायझरला फोन केलासुद्धा होता.

"आता कफीललाही कळवतो," ते म्हणाले. कफील म्हणजे ज्याच्या जामिनावर तो फिटर त्या देशात राहत होता, तो मालक.

"उद्यापर्यंत थांबा," मी म्हणालो. "ज्याचा माल गेला त्यानेच तक्रार केली तर तो पोरगा खलास होईल."

दुपारी मी कामगारांच्या कॅम्पवर गेलो. फिटर गुहागरकडचा होता. सुपरवायझरने सगळ्यांसमोर त्याची पेटी उपसली होती. कपडे अजून खाटेवर तसेच पडले होते.

"एसी साफ केला नि निघालो, साहेब. तो पत्र्याचा घोडा घेऊन मी काय करू? कॅम्पात लपवू तरी कुठे?" मग म्हणाला, "परत पाठवलं तर गावाला काय सांगू?"

खोटे बोलणारा माणूस तपशील वाढवत जातो. याच्याकडे वाढवायला काही नव्हतेच.

संध्याकाळी चोरीची बातमी ऐकून अभियंत्यांची मित्रमंडळी जमली. अभियंत्यांनी फोनवर फक्त "संग्रहातली एक वस्तू गेली" एवढेच सांगितले होते. येणारा प्रत्येक जण आत पाऊल टाकताच विचारी, "कोणती?" फक्त एकाने विचारले नाही. तो रायगडच्या किनाऱ्यावरचा, जुन्या वस्तूंचा व्यापारी होता. अभियंत्यांचा जिवाभावाचा मित्र. फ्लॅटची एक जादा किल्ली त्याच्याकडेही असे. तो सगळीकडे पाहत होता, पण घोड्याच्या रिकाम्या जागेकडे एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात चहाला गेलो. किल्लीचा विषयच काढला नाही.

"फिटरवर आळ आलाय," एवढेच म्हणालो. "आज कफीलला कळवणार आहेत."

त्याचा कप हातातच राहिला. "कोणावर? त्या पोराचा काय संबंध?"

"मग कोणाचा आहे, भाई?"

तो उठला आणि आतून चादरीत गुंडाळलेला घोडा घेऊन आला. अभियंत्यांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर त्यानेच तो त्यांना भेट दिला होता, अस्सल जुना म्हणून.

"मलाही अस्सल म्हणूनच दिलेला, अल्लाची शप्पथ. मागाहून तसलेच नवे घोडे बघितले, ॲसिड लावून हिरवे केलेले. आता एक अमेरिकन जाणकार त्याचा संग्रह बघायला यायचाय. चारचौघांत माझा दोस्त हाच घोडा पहिला दाखवतो हो. त्याची मान खाली गेली असती, नि माझी कायमची."

आम्ही दोघे घोडा घेऊन फ्लॅटवर गेलो. सगळे ऐकून अभियंत्यांनी घोडा हातात घेतला. मग एकदम उसळले. "अरे, मी दवाखान्यातून आलो तेव्हा तू हा उचलून चार जिने चढलास! मला याचं वय कशाला हवंय?" व्यापारी रडू लागला. अभियंत्यांनी त्याला जवळ घेतले.

सगळे मिटले असे दोघांना वाटले. मी म्हणालो, "आता कॅम्पवर चला."

फिटर जेवणाच्या हॉलमध्ये होता. अभियंत्यांनी त्याला बाजूला बोलावून हळूच माफी मागितली. तो अदबीने म्हणाला, "माफीचं काय नाय, साहेब. पण माझी पेटी सगळ्यांसमोर उघडली. तुम्ही हे कोपऱ्यात सांगताय."

अभियंता वळले. मग हॉलच्या मधोमध जाऊन उभे राहिले. सुपरवायझर, स्वयंपाकी, हफ्र अल बातिनहून आलेले नवे कामगार, सगळ्यांसमोर त्यांनी हिंदीत मोठ्याने सांगितले, की चूक माझी होती, हा माणूस निर्दोष आहे. व्यापारी त्यांच्या शेजारी मान खाली घालून उभा होता. फिटर ताटावर बसला आणि जेवू लागला.

चोरीचा माल मिळाला की तो पंचांसमक्ष मालकाला परत देता येतो. गेलेल्या अब्रूचे तसे नसते. ती ज्यांच्यासमोर गेली, त्यांच्यासमोरच परत द्यावी लागते. हे मला सांगितले ते गुहागरच्या त्या फिटरने, निवृत्तीनंतर.