एक ओळ लांबलेला कंस

माझं अक्षर चांगलं होतं, आणि हे सांगताना मी उगाच नम्रपणा करणार नाही. सत्तरच्या दशकात साखऱ्याकडच्या कोरडवाहू गावांत मी तलाठी होतो. माझ्या वह्या बघायला दुसरे तलाठी सायकली हाणत यायचे. आमच्या बौद्धवाड्यातला मी पहिला सरकारी नोकर. आमच्या गावच्या चावडीची पायरी माझा बाप कधी चढला नव्हता. मी मात्र परगावच्या चावडीत खुर्चीवर बसून वाचायचो आणि पाटील समोर बसून ऐकायचे. त्यामुळे लिहिताना माझा हात जरा ऐटीतच चालायचा.

सात-बाराच्या पानावर मालकांची नावं एकाखाली एक असतात. कुणाचं नाव कमी झालं तर ते खोडायचं नाही, कंसात घालायचं. शेजारी एक आकडा लिहून त्याला गोल करायचा. तो आकडा म्हणजे फेरफाराच्या वहीतल्या नोंदीचा नंबर. नाव का गेलं, कशाच्या आधारानं गेलं, ते सगळं त्या नोंदीत सापडतं. वह्या दोन, आणि त्यांना जोडणारा एवढासा गोल. नव्या माणसाला मी बजावायचो, नुसत्या कंसावर भरवसा ठेवू नको, गोल धरून पलीकडच्या वहीत जा आणि बघ. दुसऱ्याला सांगायला काय जातं!

जुन्या वह्या भरल्या, तशी नव्या वह्या लिहायची वेळ आली. नियम असा, की कंसातली नावं नव्या वहीत उतरवायची नाहीत. सगळ्या तलाठ्यांत माझं काम आधी संपलं. आमचे वरचे साहेब, म्हणजे गिरदावर, त्यांनी पाठ थोपटली. मग चावडीवाचन ठेवलं. नवी वही गावासमोर मोठ्यानं वाचायची, ज्याची हरकत असेल त्यानं तिथंच बोलायचं.

तांड्यावरची एक बाई खांबाला टेकून बसली होती. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली होती आणि धाकट्या भावाबरोबर बापाची जमीन कसत होती. तेवढीच तिची भाकरी. त्यांचा सर्व्हे नंबर आला. मी धाकट्याचं नाव वाचलं आणि पान उलटलं.

"माजं नाव काहून आलं न्हाई, भाऊसाहेब?"

"कमी झालंय, बाई. जुन्या वहीत कंस आहे."

"कोन केला?"

माझं डोकं सणकलं. माझ्या वहीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. "उगीच कुणी करत नसतं. त्याला नोंद असते," मी म्हणालो, आणि तिचं तोंड बंद करायला दोन्ही जुन्या वह्या मागवल्या. पानावर कंस होता, शेजारी गोलही होता. मी फेरफाराची वही उघडली आणि गोलातल्या नंबरची नोंद खणखणीत आवाजात वाचायला लागलो. थोरल्या दोघा भावांनी ओढ्याकाठची दुसरी जमीन वाटणीत घेतली, सबब या नंबरातून दोघांची नावं कमी. नोंद तिथंच संपली होती. बहिणीचं नाव कुठंच नव्हतं.

जुन्या पानावर नावं चार. दोघं थोरले, मग बहीण, मग धाकटा. दुसऱ्या नावापाशी मिटायचा कंस झोकदार वळण घेत खाली उतरला होता आणि बहिणीच्या नावाखाली मिटला होता. तो माझाच कंस होता. असला कंस त्या भागात दुसरा कुणी काढतच नव्हता.

पाटील गालात हसल्यासारखे वाटले, हसले नसतीलही. धाकटा भाऊ काडीनं जमिनीवर रेघा ओढत होता. बहिणीनं हक्क सोडला असं तो म्हणाला असता, तर माझी अब्रू वाचली असती आणि जमीन त्याला एकट्याला मिळाली असती. लाज वाटते, पण क्षणभर मला वाटलं, म्हण बाबा.

तो उठला. "तिनं हक सोडला न्हाई. आमी दोघं मिळून जमीन करून राहिलो."

दुसऱ्या दिवशी गिरदावरांनी मला बाजूला घेतलं. "शाई फुटली म्हणून लिही. नोकरीवर डाग येईल तुझ्या."

त्यांचा हेतू वाईट नव्हता. मलाही भीती होती. यांना खुर्ची दिली की असंच व्हायचं, असं म्हणायला टपलेले लोक थोडे नव्हते. तरी मी म्हणालो, "शाई फुटलेली नाही, साहेब. पान सगळ्या गावानं बघितलंय." आणि दुरुस्तीच्या नोंदीत स्वच्छ लिहिलं: तलाठ्याच्या हस्तदोषामुळे. तालुक्याहून मंजुरी यायला उन्हाळा गेला. तोवर ती बाई दर बाजारच्या दिवशी चावडीवर येऊन बसायची. बघायची फक्त.

मंजुरी आली त्या दिवशी मी तिच्यासमोर नाव चढवलं, शेजारी नंबर लिहून गोल केला.

"हे गोल कशाचं?"

"ह्याच्यावरून त्या दुसऱ्या वहीत जायचं. तिथं माझी चूक लिहिलीय."

तिनं गोलावर बोट ठेवलं, शाई वाळलीय का ते बघावं तसं. "मंग ती कदी मिटवू नका," ती म्हणाली. "तुमची चूक हाय तवर माजं नाव हाय."

पुढं माझे कंस ज्वारीच्या दाण्याएवढे झाले. सोबतचे तलाठी चेष्टा करायचे, मी करू दिली. निवृत्तीनंतर एकदा त्या गावी गेलो. वह्या पुन्हा नव्यानं लिहिल्या होत्या, पण तिचं नाव होतं आणि शेजारचा गोलही जसाच्या तसा उतरवलेला होता. नवा तलाठी तरुण होता. गोल धरून तो पलीकडच्या नोंदीपर्यंत जाऊन आलेला होता.

"काका, हा हस्तदोष कुणाचा हो?" त्यानं विचारलं.

"माझा," मी छाती काढून सांगितलं.