न झोंबलेलं मलम

पन्नासच्या दशकातली गोष्ट. रोहणा गावी आमच्या घरात माय आणि मी, दोघीच. कापूस वेचताना बोंडांच्या वाळक्या टोकांनी मायची बोटं कायम ओरबाडलेली असत. त्या हंगामात एक ओरखडा चिघळला, म्हणून मी आर्वीच्या दवाखान्यातून पेनिसिलीनचं मलम आणलं. नवीनच आलं होतं. ते झोंबतं की नाही, एवढं कंपाउंडरला विचारायचं मला सुचलं नाही. आजही स्वतःचा राग येतो.

तोवर आम्ही जखमेला टिंक्चर लावायचो, आणि भलीभली माणसं गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायची. मी मलम लावलं तेव्हा माय दात आवळूनच बसली होती. बराच वेळ तशीच बसली.

"आग काऊन नाई होऊन राह्यली?"

तिचा चेहरा उतरला. आमच्या भागात महारोग झालेली माणसं सगळ्यांनी पाहिलेली. कातडीला कळेनासं झालं की हा रोग शिरला, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

"औषधच तसं असंल, माय."

तिनं ऐकलंच नाही. उठली, आपली ताटली आणि पाण्याचा गडवा उचलून गोठ्यात नेऊन ठेवला. "आता मी अथीच राहीन. भाकर दुरूनच देजो."

माझं डोकं फिरलं. रडू येत होतं आणि तिचा संतापही. अंगणातलं वाळकं बोंड उचललं, रक्त येईपर्यंत त्याचं टोक करंगळीवर ओढलं आणि तिच्यासमोर त्यावर मलम फासलं. श्वास रोखून वाट पाहिली. नुसतं गार लागलं.

"पाह्य! मलेबी नाई झोंबत!" मी जिंकल्यासारखी ओरडले.

माय मटकन खाली बसली. "तुलेबी लागला? माह्या हातचं खाऊन?" आणि ती कपाळ बडवून घेऊ लागली.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही ते खरं वाटलं. चुलीपाशी धावले, मूठभर मीठ आणलं. दोघींचं मलम पदरानं खसाखसा पुसलं आणि तिचं बोट माझ्या करंगळीसकट मिठात दाबून धरलं. आधी माझी करंगळी पेटली. माय माझ्याकडे बघत होती. तिला काहीच होत नव्हतं. मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले.

मग तिनं किंकाळी फोडली. मी घाईनं हात सोडवायला गेले, तर तिनंच तो घट्ट धरला. गालांवरून पाणी ओघळत होतं.

"राहू दे," ती म्हणाली, "अजून दाब."