मावशी आधी चाक हलवते

गाडीची कुरकुर थांबली म्हणजे गाडी बरी झाली, असं तुम्हाला कोणी सांगितलं? मलाही कोणी सांगितलं नव्हतं. मीच तसं धरून चालले होते.

आमच्या गल्लीच्या टोकाला ग्रीसमावशी राहते. तीस वर्षं बस डेपोच्या खड्ड्यात उभं राहून तिनं बसगाड्यांना खालून ग्रीस भरलं. निवृत्त झाली, पण स्वस्थ बसेल तर शपथ! दर रविवारी अंगणात जुनी चटई टाकते आणि ज्याला स्वतःची गाडी स्वतः सांभाळायचीय त्याला शिकवते. फुकट. फक्त शिव्या खायची तयारी हवी.

सोमवारी वस्तीतल्या सात बायकांना घेऊन मला सुनावणीला जायचं होतं. नळजोडणीसाठी दोन वर्षं भांडून मिळवलेली तारीख. आणि माझी जुनी व्हॅन पुढच्या डाव्या चाकाशी कुरकुरायला लागलेली. रविवारी नवी ग्रीसगन घेऊन मावशीकडे गेले. दोन व्हिडिओ पाहून गेले होते, मला कोण काय शिकवणार!

मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅकनं पुढची बाजू उचलली, खाली स्टँड दिला. चाकामागे बॉल जॉइंट असतो, चाकाला वळू देणारा गोल सांधा. त्याच्या निपलला, म्हणजे ग्रीस आत जायच्या तोंडाला, मी थेट गन लावायला गेले.

"थांब गं बये! आधी पूस ते. धुळीसकट ग्रीस ढकलणार का आत?"

पुसलं. गन उचलली.

"खाली ठेव."

"आता काय?"

"चाक हलव. एक हात वर, एक खाली."

"मावशी, मला ग्रीस भरायचंय, चाकाशी कुस्ती नाही खेळायची."

दारातल्या खुर्चीत मावशीचा थोरला भाऊ बसला होता, मांडीवर काठी. तो हसला. "ऐक तिचं पोरी. माझ्या गाडीच्या वेळी हिनं चाक हलवलं नव्हतं."

मावशी चिंधीला हात पुसत म्हणाली, "दादाची गाडी अशीच कुरकुरत होती. मला ड्युटीची घाई. ग्रीस ठासलं, आवाज गायब. दादा म्हणाला, बहीण असावी तर अशी. झिजलेल्या सांध्यात ग्रीस भरलं की आवाज दबतो गं, झीज थोडीच भरून येते? पाचव्या दिवशी वळणावर सांधा निसटला, चाक आडवं."

"आणि मीही," दादा म्हणाला. "पण कुरकुर मात्र नव्हती हो!"



मी चाक हलवलं. मावशी चटईवर आडवी होऊन सांध्याकडे बघत होती. टक. टक. "बोट लाव इथं," ती म्हणाली आणि उठून चाक तिनं हलवलं. सांधा माझ्या बोटाखाली सरकला.

माझं डोकं फिरलं. "उद्यापुरतं तरी भर ना! दादांची चालली की चार दिवस."

"चालेलही." तिनं गन माझ्या हातात कोंबली. "भर. फक्त त्या सात जणींना सांगून भर."

दोन वर्षं कचेरीतले बाबू आम्हाला हेच ऐकवत होते, तूर्त भागवून घ्या. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आणि आता मीच ते सात जणींच्या माथी मारायला निघाले होते. गन खाली ठेवली.

सोमवारी दोन बस बदलून, उभ्यानं, फायली छातीशी धरून पोचलो. आमचं नाव पुकारलं तेव्हा शेवटची बाई अजून जिना चढत होती.

पुढच्या रविवारी मावशीनं सांधा बदलला. जुना माझ्या तळहातावर ठेवला, त्यातला गोळा पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. नव्यात ग्रीस मी भरलं. सांध्यावरची रबरी टोपी जराशी फुगताच ती ओरडली, "बस्स! फाडतेस का आता?"

दादा काठी टेकत आला. "चल, मला एक चक्कर मारून आण."

मावशीनं त्याला अडवलं, गाडी पुन्हा जॅकवर घेतली आणि चाक स्वतः हलवून पाहिलं. मगच त्याला बसू दिलं.

तेव्हा तुम्हीही गाडी उचललीत की गन हातात घ्यायच्या आधी चाक हलवून बघा. आणि टक झालं, तर कृपा करून ते ग्रीसनं गप्प करू नका.