पेढे कुणी वाटायचे
बसवकल्याणच्या बसची धूळ अंगावर घेऊन ती आमच्या कॉलेजच्या ऑफिसात आली, ती एकदाच. दुपारचं ऊन खिडकीत पेंगत होतं. बोलण्याआधी तिनं पदराच्या टोकानं डब्याचं झाकण पुसलं आणि पेढा माझ्या हातावर ठेवला.

“पोरीला ट्रस्टची स्कॉलरशिप लागली, अण्णा. आता हॉस्टेलला ठिवते. रोज बसनं येऊन वाळायलीय.”

पेढा मी तोंडात टाकला. मग नियम सांगितला. बाहेरून फीसाठी जेवढं मिळेल, तेवढी कॉलेजची फीमाफी कमी होते. हाती काहीच उरत नाही.

“कामून?” ती म्हणाली. मग स्वतःशीच हसली. “म्हंजे स्कॉलरशिप कॉलेजला लागली म्हणा की! मग पेढे तुमी वाटायला पायजेत.”

झाकण लावून ती निघून गेली.

ट्रस्टला विनंती करून तेच पैसे हॉस्टेलसाठी घेता आले असते, माफीही राहिली असती. मला ठाऊक होतं. पण कॉलेजची बचत बुडाली असती, ते आमच्या साहेबांना आवडलं नसतं, म्हणून गप्प बसलो. पोरगी शेवटपर्यंत बसनंच आली.

अजून दुपारी डोळा लागला की तिची आई डबा उघडते. मी तोंड उघडतो, ते पेढ्यासाठीच.